सामना एक, पाहणारे दोन

२ फेब्रुवारी २०२५ या दिवशी अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) वाडिया पार्क मैदानावर महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या शेवटच्या कुस्त्या चालू होत्या. गादी विभागाच्या निर्णायक कुस्तीत पृथ्वीराज मोहोळ व शिवराज राक्षे हे मल्ल एकमेकांना भिडले. पंचांनी मोहोळ यांना चितपट कुस्तीने विजयी ठरविले. राक्षे यांचे म्हणणे असे, की आपले दोन्ही खांदे गादीला टेकलेच नाहीत. शब्दाने शब्द वाढला आणि प्रकरण पंचांना लाथ मारण्यापर्यंत गेले. पुढे राक्षे यांच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. त्या क्षणाचे चित्रीकरण हजारो लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिले. तरीही सर्वांचे एकमत झाले नाही.

त्या दिवशी कोणाचे खरे होते, हे ठरविणे आपले काम नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. कुस्तीत दोनच खेळाडू असतात, पंच त्यांच्यापासून हातभर अंतरावर असतात, आणि खांदे टेकले की नाही एवढेच पाहायचे असते. तेथे जर पाहणाऱ्यांत दोन तट पडतात, तर २२ खेळाडू ज्यात एकाच वेळी धावत असतात त्या फुटबॉलचे काय होत असेल?

समजा, आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना आहे. एक शाळा तुमची आणि दुसरी शेजारच्या तालुक्याची. तुम्हाला पोहोचायला उशीर झाला आणि बसायला जागा मिळाली ती नेमकी दुसऱ्या शाळेच्या मुलांमध्ये. थोड्याच वेळात तुमच्या लक्षात येते, की ही मुले काही निराळाच सामना पाहत आहेत! तुम्हाला जो सरळसरळ धक्का दिसला, तो त्यांना ‘चेंडूसाठी केलेला साधा प्रयत्न’ वाटतो. तुमच्या खेळाडूने चेंडू उत्तम हिसकावला असे तुम्हाला वाटते, तेव्हाच तुमच्या चारही बाजूंनी ‘फाऊल, फाऊल’ असा ओरडा होतो.

ही मुले खोटे बोलत आहेत काय? मुळीच नाही. तुम्ही तरी खोटे बोलत आहात काय? तेही नाही. मग एकाच मैदानावरचे एकच दृश्य दोघांना वेगवेगळे कसे दिसते? याचे उत्तर काही अंशी डोळ्यात आहे, काही अंशी बसण्याच्या जागेत आहे आणि बरेचसे मेंदूत आहे. आपण एकेक पायरी चढत जाऊ.

अंगठ्याएवढी खिडकी

आपला एक हात समोर ताठ धरा आणि अंगठ्याच्या नखाकडे पाहा. ते नख तुमच्या डोळ्याशी सुमारे दीड ते दोन अंशांचा कोन करते. डोळ्याच्या आतील पडद्यावर पीतबिंदूच्या मध्यभागी एक लहानसा खळगा असतो. तेथे शंक्वाकार पेशींची अतिशय दाटी असते. अगदी बारीकसारीक तपशील आपल्याला दिसतो तो या खळग्यामुळे, आणि त्याची व्याप्ती साधारण त्या नखाएवढीच असते. बाकीचे दृश्य दिसते खरे, पण पुसट.

आता थोडे गणित करू. खेळाडू तुमच्यापासून ५० मीटर दूर आहे. दोन अंशांच्या कोनात तेवढ्या अंतरावर सुमारे पावणेदोन मीटर रुंदीची जागा मावते. म्हणजे एका वेळी जेमतेम एक खेळाडू तुम्हाला स्पष्ट दिसतो! मोठ्या सामन्यांसाठी मैदान १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद असते. एवढ्या विस्तारावर तुमची ही अंगठ्याएवढी खिडकी सेकंदाला सुमारे तीन वेळा उड्या मारीत फिरत असते, आणि प्रत्यक्ष उडी चालू असताना दिसणे जवळजवळ थांबलेले असते.

तरी आपल्याला मात्र सबंध मैदान एकाच वेळी स्वच्छ दिसल्यासारखे वाटते. कारण मेंदू हे तुकडे जोडतो आणि मधल्या जागा अंदाजाने भरून काढतो. ही खिडकी कोठे न्यायची हे तुमचे मन ठरवते. तुमचे लक्ष आपल्या आघाडीपटूवर असेल, तर त्याच्या पायाला मागून बसलेला धक्का तुम्हाला दिसेल. त्याच क्षणी त्याच्या कोपराने काय केले हे पाहील तो तुमचा शेजारी, कारण त्याची खिडकी आपल्या बचावपटूच्या चेहऱ्यावर आहे. दोघांनीही खरेच पाहिले. पण दोन वेगळे तुकडे पाहिले.

जागा बदलली, निकाल बदलला

फुटबॉलमध्ये सर्वांत जास्त वाद होतात ते ऑफसाइडवरून. सहकाऱ्याने चेंडू मारला त्या क्षणी प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानातला आघाडीपटू चेंडूच्या पुढे असेल आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्याही पुढे, गोलरेषेच्या अधिक जवळ असेल, तर तो ऑफसाइडच्या जागी ठरतो. शेवटून मोजताना गोलरक्षकही धरायचा. दोघे एका रेषेत असतील तर ऑफसाइड नाही.

आता एक सोपा प्रयोग करा. घरातील शहाबादी फरशीच्या दोन ओळींमधील एकाच सांध्यावर दोन पेले ठेवा. एक तुमच्या जवळ आणि दुसरा त्याच्यामागे हातभर अंतरावर. जवळचा पेला म्हणजे आघाडीपटू आणि दूरचा म्हणजे बचावपटू. गोल उजवीकडे आहे असे समजा. एक डोळा मिटा, दुसरा डोळा पेल्यांच्या उंचीवर आणा आणि सांध्याच्या बरोबर समोर बसा. दोन्ही पेले एकामागे एक दिसतील. आता डोके डावीकडे न्या. जवळचा पेला दूरच्या पेल्याच्या उजवीकडे सरकलेला दिसेल. म्हणजे आघाडीपटू गोलाच्या जवळ, ऑफसाइड! आता डोके उजवीकडे न्या. जवळचा पेला डावीकडे दिसेल. म्हणजे आघाडीपटू मागे आहे, ऑफसाइड नाही! पेले मात्र जागचे हललेले नाहीत.

पाहणाऱ्याची जागा बदलल्यामुळे वस्तूंच्या सापेक्ष जागेत जो बदल दिसतो, त्याला शास्त्रात पराशय म्हणतात. ताऱ्यांची अंतरे मोजायला खगोलशास्त्रज्ञ याच गोष्टीचा उपयोग करतात. मैदानावर मात्र तिच्यामुळे भांडणे होतात. मैदानाच्या मध्यरेषेजवळ बसलेल्यांना जो खेळाडू ऑफसाइड वाटेल, तोच गोलाच्या कडेला बसलेल्यांना रीतसर वाटू शकेल. प्रत्येक शाळेची मुले जर आपापला कोपरा धरून बसली, तर भांडणाचे निम्मे बीज तेथेच पेरले जाते.

नेदरलँड्समधील संशोधक राऊल औडेजान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात दाखवून दिले, की बाजूच्या रेषेवरील साहाय्यक पंचांच्या कित्येक चुका याच कारणाने होतात. पंच ऑफसाइडच्या रेषेपासून थोडे पुढे-मागे उभे असले, तरी त्यांना खेळाडूंची जागा चुकीची दिसते. त्यात आणखी एक अडचण असते. चेंडू मारणाऱ्यावरून नजर उचलून आघाडीपटूकडे नेण्यास सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो असे धरू. सेकंदाला ७ मीटर वेगाने धावणारा खेळाडू तेवढ्यात १.४ मीटर पुढे गेलेला असतो! तालुक्याच्या स्पर्धेत हातात झेंडा घेऊन उभे असलेले पंच बहुधा कोणत्या तरी शाळेचे शिक्षकच असतात. त्यांना ‘आंधळे’ म्हणण्यापूर्वी हे गणित आठवावे.

एक चित्रपट, दोन हिशेब

पण दोघेही एकाच बाकावर शेजारी बसले, एकाच कोनातून पाहू लागले, तर मतभेद मिटतील का?

नोव्हेंबर १९५१ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन व डार्टमथ या दोन विद्यापीठांच्या संघांत सामना झाला. हा अमेरिकन फुटबॉल. त्यात चेंडू हातात घेऊन धावतात. सामना फार आडदांडपणाने खेळला गेला. प्रिन्स्टनच्या नामांकित खेळाडूचे नाक मोडले, तर डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. नंतर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांवर आरोपांचा भडिमार केला.

डार्टमथचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट हेस्टॉर्फ आणि प्रिन्स्टनचे हॅडली कँट्रिल यांनी या भांडणातून एक प्रयोग काढला. दोघे दोन प्रतिस्पर्धी विद्यापीठांचे, हे ध्यानात घ्या! त्यांनी सामन्याचा चित्रपट दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखविला आणि नियमभंग दिसेल तेव्हा त्याची नोंद करायला सांगितले. चित्रपट तोच, कोन तोच. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे सरासरी ४.३ नियमभंग दिसले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना त्याच डार्टमथ संघाचे दिसले ९.८, म्हणजे दुपटीहून अधिक!

१९५४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. बाहेर एक सामना घडतो आणि लोक त्यावर वेगवेगळी मते देतात, एवढेच नाही. सामन्यातल्या असंख्य घटनांपैकी कोणत्या घटनांना अर्थ द्यायचा, हे प्रत्येक जण आपल्या आपुलकीनुसार निवडतो, आणि निवडल्यावर तोच त्याचा ‘सामना’ होतो.

आपले आणि परके

ही आपुलकी किती खोल असते? महाराष्ट्रात फुटबॉलचे वेड पाहायचे असेल तर कोल्हापूरला जावे. तेथील कित्येक संघ तालमींच्या नावाने ओळखले जातात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही त्यांतील काही नावे. राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना असला की त्या त्या पेठेतले समर्थक घोळक्याने एकत्र बसतात. त्यांचे संघावरचे प्रेम पिढ्यान्‌पिढ्यांचे असते. पण या प्रेमापोटी कधी कधी हुल्लडबाजी होऊन सामन्यांना गालबोटही लागलेले आहे.

तुम्ही म्हणाल, पिढीजात प्रेम असल्यावर असे व्हायचेच. पण गंमत पुढेच आहे. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे तुमच्याच वयाच्या, १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. पडद्यावर क्षणभर दिसलेले ठिपके किती होते याचा अंदाज करणे, अशा क्षुल्लक निमित्ताने मुलांचे दोन गट पाडल्याचे त्यांना सांगण्यात आले. आपल्या गटात आणखी कोण आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. नंतर प्रत्येकाला इतर मुलांमध्ये बक्षिसाची रक्कम वाटायला सांगितली. स्वतःला त्यातून काहीच मिळणार नव्हते. तरीही मुलांनी आपल्या गटातील अनोळखी मुलाला झुकते माप दिले! ठिपके मोजण्यावरून जर ‘आपले’ आणि ‘परके’ तयार होतात, तर शाळेच्या गणवेशावरून का होणार नाहीत?

शेजाऱ्याचा आवाज

प्रतिपक्षाच्या घोळक्यात बसले की डोळ्यांइतकाच कानांवरही परिणाम होतो. मोकळ्या जागेत ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. तुमच्यापासून १ मीटरवर बसलेला मुलगा आणि ५० मीटरवर बसलेला तुमचा वर्गमित्र सारख्याच जोराने ओरडले, तर वर्गमित्राच्या आवाजाची तीव्रता तुमच्या कानाशी ५० × ५० म्हणजे २,५०० पट कमी असते. एका शेजाऱ्याची बरोबरी करायला तेथे २,५०० वर्गमित्र हवेत! म्हणून घोळक्यात बसलेल्याला ‘सगळे मैदान आपल्याच बाजूने बोलते आहे’ असे वाटते, आणि प्रतिपक्षात एकटा बसलेल्याला ‘सगळे मैदान आपल्याविरुद्ध आहे’ असे वाटते. दोन्ही समजुती भौतिकशास्त्राने केलेली फसवणूक होय.

या गोंगाटाचा पंचांवर परिणाम होतो काय? नेव्हिल, बाल्मर व विल्यम्स या संशोधकांनी ४० अधिकृत पंचांना लिव्हरपूल व लेस्टर यांच्यातील सामन्यातील ४७ प्रसंगांचे चित्रीकरण दाखविले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि काहींना आवाज बंद करून. सामना लिव्हरपूलच्या मैदानावर झालेला होता. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी लिव्हरपूलविरुद्ध १५.५ टक्के कमी फाऊल दिले. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०२० साली कोरोनाच्या साथीत युरोपात रिकाम्या स्टेडियममध्ये सामने खेळविले गेले. त्यांच्या अभ्यासांतही पाहुण्या संघांना दाखविली जाणारी पिवळी कार्डे कमी झाल्याचे आढळले. पंच अप्रामाणिक नसतात. पण निर्णयाला क्षणभरच वेळ असतो, आणि मेंदू त्या क्षणी हाताशी येईल ती माहिती वापरतो. हजारो गळ्यांतून एकदम उठलेला ‘ओऽऽ’ हीदेखील माहितीच असते.

प्रतिपक्षात बसून काय मिळते?

येथवर वाचून तुम्हाला वाटेल, की या दोषांवर उपायच नाही. तसे नाही. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठात मार्क लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. मँचेस्टर युनायटेड संघाच्या समर्थक विद्यार्थ्यांशी आधी त्यांच्या संघाविषयी बोलणे करण्यात आले. मग ते एका इमारतीतून दुसरीकडे जात असताना वाटेत एक धावणारा मनुष्य पाय घसरून पडला आणि घोटा धरून कण्हू लागला. अर्थात हे सर्व ठरवून केलेले होते. त्याच्या अंगात मँचेस्टर युनायटेडचा सदरा असला की बहुतेक जण मदतीला धावले. कट्टर प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा सदरा असला की फार थोडे धावले.

दुसऱ्या वेळी संशोधकांनी एकच गोष्ट बदलली. आरंभीचे बोलणे ‘तुमचा संघ’ याऐवजी ‘फुटबॉलची आवड असणारे आपण सारे’ या विषयावर केले. या वेळी लिव्हरपूलचा सदरा घातलेल्यालाही जवळजवळ आपल्याच माणसाइतकी मदत मिळाली! वैर सदऱ्यात नव्हते. ‘आपले’ या शब्दाचे कुंपण कोठे घातले होते, यात होते. साध्या सदऱ्यातला मनुष्य मात्र याही वेळी कुंपणाबाहेरच राहिला, हेही विसरू नये.

प्रतिपक्षाच्या मुलांमध्ये बसल्याने हेच कुंपण थोडे सरकू शकते. त्यांच्या गोलरक्षकाचे टोपणनाव कळते. त्यांचा आघाडीपटू दुखऱ्या गुडघ्याने खेळतो आहे हे कळते. मग तुमची अंगठ्याएवढी खिडकी अधूनमधून त्यांच्या खेळाडूंवरही जाऊ लागते. तुमचे आपल्या संघावरचे प्रेम त्यामुळे कमी होत नाही; पाहण्याला मात्र आणखी एक बाजू मिळते.

तुमचा प्रयोग

हे सारे खरे मानून चालू नका. स्वतः तपासून पाहा. तुमच्या व शेजारच्या शाळेच्या एखाद्या सामन्याचे मोबाइलवर चित्रीकरण करा. शिक्षकांच्या मदतीने दोन्ही शाळांचे सहा-सहा विद्यार्थी आणि तिसऱ्याच शाळेचे सहा तटस्थ विद्यार्थी निवडा. फाऊल कशाला म्हणायचे हे आधी सर्वांनी मिळून लिहून काढा. मग दहा मिनिटांचा एक भाग आवाज बंद करून दाखवा. प्रत्येकाने कोणाशी न बोलता, फाऊल दिसताच वेळ आणि संघ वहीत टिपावा.

नंतर प्रत्येक गटाची सरासरी काढा. समजा, ‘अ’ शाळेच्या सहा जणांनी ‘ब’ संघाचे ५, ७, ६, ४, ८, ६ फाऊल नोंदविले. बेरीज ३६, सरासरी ६. ‘ब’ शाळेच्या मुलांनी आपल्याच संघाचे ३, ४, २, ३, ४, २ नोंदविले. बेरीज १८, सरासरी ३. तटस्थ मुलांची सरासरी कोठे पडते ते पाहा. दुसऱ्या फेरीत वेगळा दहा मिनिटांचा भाग घ्या आणि मुलांना एकाआड एक मिसळून बसवा. सरासऱ्या जवळ आल्या का? तिसऱ्या फेरीत आणखी एक वेगळा भाग घ्या आणि या वेळी आवाज चालू ठेवा. दोन भागांतील खेळच वेगळा असल्याने फरक पडू शकतो. म्हणून प्रयोग दोन-तीन सामन्यांवर करावा. फरक आढळला नाही, तर तेही तितक्याच प्रामाणिकपणे फळ्यावर लिहा. प्रयोगाचे उत्तर आपल्या मनासारखे यावे अशी इच्छा धरणे, हीसुद्धा एक प्रकारची पक्षनिष्ठाच आहे!

शास्त्रज्ञही माणसेच असतात. त्यांचाही आपल्या कल्पनेवर जीव असतो, आणि तिला अनुकूल असेल तेच त्यांनाही आधी दिसते. म्हणूनच विज्ञानात एकाने केलेला प्रयोग दुसऱ्याने, आणि शक्य तर पहिल्याशी सहमत नसणाऱ्याने, पुन्हा करून पाहण्याची रीत आहे. हेस्टॉर्फ व कँट्रिल यांनी दोन विद्यापीठांतून मिळून काम केले, म्हणून त्यांच्या आकड्यांना वजन आले. तेव्हा पुढच्या सामन्याला शिक्षकांना सांगून दोन-चार मित्रांसह दुसऱ्या शाळेच्या मुलांत जाऊन बसा, आणि एखाद्या निर्णयावर ओरडण्यापूर्वी शेजाऱ्याला एवढेच विचारा: ‘‘तुला काय दिसले?’’